फिरत्या नळीतल्या रेघा

आमच्या घराण्यात पदवी घेतलेला पहिला माणूस मी. हे मी आडून सांगत नाही, सरळ सांगतो. अप्पा कुंभकोणात एका कॉफी हॉटेलात आचारी होते. आजोबाही आचारीच. त्यांच्याआधीचं कोण कधी तंजावरच्या राजांच्या मागे इकडे आलं, हे आमच्यात कुणालाच नीट सांगता येत नाही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. माझं हे छापील मराठी मी पुस्तकं वाचून कमावलं आहे. घरचं मराठी ऐकून पुण्याचा एक गृहस्थ म्हणाला होता की तुम्ही लोक बखरीतून उठून आल्यासारखे बोलता. त्याला हसू आलं. मला नाही आलं.

पन्नास सालानंतरची गोष्ट. बी. एस्सी. झालो आणि त्याच कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागलो, तोही एका वर्षापुरता. मुलांना तराजू हाताळायला शिकवायचं, फुटलेल्या नळ्यांची नोंद करायची. वर्ष संपल्यावर पुढे काय, हे कुणी सांगत नव्हतं आणि मीही विचारत नव्हतो. विचारणं म्हणजे हात पसरणं असं मला तेव्हा वाटायचं.

रसायनवाल्यांच्या कपाटात हातानं फिरवायचा एक सेंट्रिफ्यूज होता. टेबलाच्या कडेला तो आवळून बसवायचा आणि दांडा फिरवायचा. आतल्या दातेरी चाकांमुळे दांड्याच्या एका फेऱ्यात वरच्या नळ्या कितीतरी फेरे मारतात. नळीत गढूळ पाणी भरलं, खूप फिरवलं आणि थांबवून पाहिलं की गाळ तळाशी बसलेला, वर निवळ पाणी. पुस्तकात लिहिलं होतं की गाळाचा एकेक कण आपापल्या वजनाप्रमाणे सरळ तळाकडे जातो. मी निवळ पाण्यावर तांदळाच्या पिठाच्या पाण्याचा थर सोडून थोडंसं फिरवून पाहिलं, तर त्या थराची खालची कड दर वेळी वाकडीतिकडी यायची. कण जर सरळ जात असतील तर कड वाकडी का?

त्या वर्षी मद्रासहून एक प्राध्यापक प्रॅक्टिकलच्या परीक्षेला आले होते. मी त्यांना ती नळी दाखवली. ते म्हणाले, "यंत्र थांबताना हिसका बसतो, पाणी हिंदकळतं. त्यानं कड मोडते."

मी म्हणालो, "सर, कदाचित ती फिरतानाच मोडत असेल."

"तुम्ही फिरताना आत पाहिलंय?"

"नाही."

"मग पाहा. फोटो काढा. फोटो घेऊन दीपावलीच्या आधी मद्रासला या. माझ्याकडे संशोधनाची एक जागा आहे. ती मी बोलणाऱ्याला देत नाही, दाखवणाऱ्याला देतो."

आता त्या जागेचा माझ्यापुरता अर्थ सांगतो. ती मिळाली तर मी मद्रासला जाणार, आयुष्यभर प्रयोग करणार. नाही मिळाली तर मार्चनंतर मी पुन्हा हॉटेलातल्या रायरांचा मुलगा; आम्हा मराठी लोकांना गावात रायर म्हणत. मधलं काही नव्हतं.

फोटो म्हटल्यावर माझ्यापुढे एकच माणूस होता, माझे मामा. महामहम् तळ्याच्या काठी त्यांचा स्टुडिओ होता. उत्तरेकडून उजेड यावा म्हणून छपराला काचा, पडद्यावर रंगवलेलं उद्यान आणि तीन पायांचा लाकडी कॅमेरा, काळ्या कापडाखाली डोकं घालून पाहायचा. गावातल्या लग्नांची बोलणी मामांच्या फोटोंवर चालायची. देवीचे वण, डोळ्यांखालची काळोखी, नाकावरचा तीळ, सगळं निगेटिव्हवर नाहीसं व्हायचं. तिरप्या काचेच्या चौकटीवर प्लेट, म्हणजे काचेची निगेटिव्ह, ठेवून सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीनं मामा तास न् तास बारीक ठिपके देत बसायचे. जिथे पेन्सिल पुरत नसे तिथे चाकूच्या पात्यानं काचेवरची रसायनाची खळ हलकेच खरवडायचे. "माझ्या दुकानांतून डाग घेऊन कोणी बाहेर जात नाहीं," असं ते म्हणत, आणि ते खरं होतं. अप्पा त्यांना चिडवायचे की कुंभकोणातल्या निम्म्या नवऱ्या तुझ्या पेन्सिलीनं गोऱ्या केल्या, आता त्यांचे नवरे तुला शोधत येतील.

फिरणाऱ्या वस्तूचा फोटो काढायचा तर तिला उभी करावी लागते. मी सेंट्रिफ्यूजच्या आसावरच, नळ्यांच्या खाली, पत्र्याची एक चकती बसवली आणि तिला एक चीर पाडली. प्रयोगशाळेची खिडकी फळ्या लावून बंद केली, एका फळीला भोक पाडलं आणि आरशानं ऊन आत घेतलं. ते ऊन खालून तिरपं येऊन त्या चिरेतूनच नळीवर पडायचं. म्हणजे नळी एका ठरावीक जागी आली की क्षणभर उजेड, एरवी अंधार. प्रत्येक फेऱ्याला तीच जागा, तोच क्षण. त्या अंधाऱ्या खोलीत पाहिलं तर गरगर फिरणारी नळी हवेत थांबल्यासारखी दिसायची, थोडी थरथरत. पहिल्यांदा ती तशी थांबली तेव्हा खोलीत मी एकटा होतो. कॉलेजात शिकलो याचं इतकं समाधान मला पदवीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

दांडा फिरवायला अप्पा आले. रोज पहाटे इडलीचं पीठ वाटणारा हात. तो थकत नसे. एकादशीला जवळच्या गोविंदपुरमला भजनाला जायचे, तिथली चाल गुणगुणत ते फिरवायचे, म्हणजे वेग एकसारखा राहायचा.

पुरट्टासी या तमिळ महिन्यातला, म्हणजे भाद्रपद-आश्विनातला, शेवटचा रविवार होता, कडक ऊन. मामांनी कॅमेरा नदीपलीकडे कॉलेजात वाहून आणला, स्टँड उभा केला, कापडाखाली गेले आणि आतूनच म्हणाले, "भावजी, हळू नको करूं. नवरीमुलगी सुद्धां याहून निवांत बसते."

अप्पा म्हणाले, "तुझी नवरीमुलगी कोणी गरगर फिरवत नाहीं."

"लग्नानंतर फिरवतात कीं."

"तें तुझ्या बहिणीस विचार. मज तिनेंच फिरवलें."

मी म्हणालो, "अप्पा, बोलू नका, वेग कमी होतो."

"बघ," अप्पा मामांना म्हणाले, "पदवी झाली कीं बापास गप्प करतां येतें."

आम्ही हसलो. मी हे एवढ्यासाठी लिहितो की त्या कामात आम्ही तिघंही खूश होतो. नंतरचं आठवताना तो भाग पुसून जातो.

ऊन खिडकी सोडून जाईपर्यंत आम्ही प्लेटा घेतल्या. संध्याकाळी मामांच्या डार्करूममध्ये त्या धुतल्या. प्लेट पक्की करायच्या हायपोच्या पाण्यातून पहिली प्लेट वर काढून मामांनी दिव्यासमोर धरली आणि मी मागून वाकून पाहिलं. नळी स्पष्ट होती. थराची कड होती, वाकडीच. मी एवढीच आशा केली होती. पण त्या कडेपासून तळाच्या दिशेनं बारीक रेघा लोंबत होत्या. सोऱ्यातून शेवया सुटाव्यात तशा, केसाएवढ्या, एकीला एक लागून. पीठ कणाकणानं जात नव्हतं. ते ओघळत होतं. दुसऱ्या प्लेटेत तेच. तिसरीत जरा कमी, पण तेच.

माझ्या तोंडून एवढंच आलं, "मामा, साधलं."

मामा काही वेळ प्लेटेकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सरी, ठीक. सुकूं दे. बाकीचें मी बघतों."

ते कशाकडे पाहत होते हे तेव्हा मला कळलं नाही. आम्ही दोघं एकाच प्लेटेवर एकाच रेघा पाहत होतो. त्यांना दिसलं ते वेगळंच. त्यांच्या प्लेट घालायच्या चौकटींना, ज्यांना ते स्लाइड म्हणत, आतून मखमल लावलेली असते. ती मखमल जुनी झाली, तिच्यात वाळूचा कण अडकला, तर झाकण ओढताना प्लेटेवर ओरखडा उठतो. धुतल्यावर तो अशाच काळ्या केसासारख्या रेघेनं उमटतो. भाच्याच्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं काम, आणि आपल्या जुन्या मखमलीनं त्यावर ओरखडे पाडले, असं त्यांना वाटलं. त्यांना लाज वाटली. म्हणून ते बोलले नाहीत.

पुढचे दोन दिवस मला मुलांच्या प्रॅक्टिकलमधून सुटका नव्हती. मद्रासला निघायच्या दिवशी स्टुडिओत गेलो तर पेटी तयार होती. प्रत्येक प्लेट पातळ कागदात गुंडाळलेली, मधे कापूस, वर लाकडी झाकण, सुतळी आणि लाख. अप्पांनी ती सकाळीच गोविंदपुरमला नेऊन तिथल्या विठ्ठलाच्या पायांशी ठेवून आणली होती. लाखेवर कुंकवाचं बोट होतं.

मामी म्हणाली, "आतां वाटेंत उघडायची नाहीं. मुक्कामींच उघडायची."

आमच्याकडे देवापुढे ठेवून निघालेली वस्तू वाटेत सोडत नाहीत, मग तो लग्नाचा रुखवत असो की परीक्षेची लेखणी. मी विज्ञानाचा पदवीधर होतो, पण मामीचा शब्द मोडून तिथे उभं राहून सुतळी कापणारा नव्हतो. पेटी मांडीवर घेऊन मी गाडीत बसलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मद्रासच्या एग्मोर स्टेशनला उतरलो.

प्राध्यापकांनी स्वतः सुतळी कापली. पहिली प्लेट काढून खिडकीशी नेली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. त्यांनी प्लेट उजेडाला तिरपी केली, पुन्हा सरळ धरली, मग भिंग मागितलं. दुसरी काढली. तिसरी काढली. सगळ्या टेबलावर मांडल्या.

"यावर कुणाचा हात फिरलाय?"

मी जवळ गेलो. थराची कड सरळ झाली होती. तिच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीचे बारीक ठिपके होते, इतके एकसारखे की दुसऱ्या कुणाच्या कामावर असते तर मी वाखाणणी केली असती. कडेच्या खाली, जिथे रेघा होत्या, तिथली खळ पातळ खरवडून गुळगुळीत केली होती. स्वच्छ पाणी. सगळ्या प्लेटांवर.

मी म्हणालो, "माझ्या मामांचा. ते फोटोग्राफर आहेत. प्लेट रिटच केल्याशिवाय ते बाहेर देत नाहीत."

"इथे काय होतं?"

"रेघा होत्या. पीठ रेघांनी खाली जात होतं. मी पाहिल्या."

"कुठे पाहिल्या?"

"ह्याच प्लेटांवर."

 वाईट माणूस नव्हते ते. त्यांनी मला बसायला सांगितलं, कॉफी मागवली. म्हणाले, "तुम्ही खोटं बोलता असं मी म्हणत नाही. तुमची चकतीची युक्ती चांगली आहे. पण उद्या कमिटीपुढे मी हे ठेवलं तर ते म्हणतील, हा मुलगा चित्रं काढून आणतो. दुसऱ्या प्लेटा काढून आणा."

"किती दिवसांत?"

"जागा ह्या आठवड्यात भरायची आहे."

बाहेर आलो तेव्हा मद्रासवर ढग होते. ऐप्पसी महिना लागत होता. आमच्याकडचा खरा पावसाळा ईशान्येकडून येतो, आश्विन-कार्तिकात. तो लागला की दिवसचे दिवस ऊन दिसत नाही. माझ्या प्रयोगाला ऊन हवं होतं. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली हे मला नंतर कळलं. तो वाईट होता असंही मला म्हणता येत नाही. मी त्याला कधी पाहिलं नाही.

परत आल्यावर सरळ स्टुडिओत गेलो. मामा चौकटीपुढे बसले होते, कुणाचा तरी चेहरा नीट करत. त्यांनी वर पाहिलं. "काय म्हणाले मद्रासवाले?"

"तुम्ही रेघा का काढल्या?"

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "त्या कोठें तुझ्या होत्या? त्या माझ्या स्लाइडच्या होत्या रे. मखमल जुनी झाली. तुज सांगायची लाज वाटली, म्हणून स्वच्छ केल्या. चांगल्या निघाल्या ना?"

मी त्यांना सांगितलं. सगळं सांगितलं, कॉफीसुद्धा. मला गोड बोलता येत नाही, तेव्हाही येत नव्हतं. ते ऐकत राहिले. मग उठून टर्पेंटाइनची बाटली आणली, कापसाचा बोळा भिजवला आणि एक प्लेट पुसू लागले. पेन्सिल निघाली, थराची कड पुन्हा वाकडी झाली. क्षणभर मला वाटलं, परत येतंय. पण पेन्सिल वरून चढवलेली असते, ती उतरते. चाकूनं खरवडलेलं परत येत नाही. कडेखाली नितळ काच होती. मामा ती तरीही पुसत राहिले. शेवटी मीच त्यांच्या हातून बोळा काढून घेतला.

घरी अप्पा म्हणाले, "तो तुझ्या चांगल्यासाठींच बसला होता. दोन दिवस जेवायला सुद्धां आला नाहीं, असें तुझी मामी म्हणाली."

"मला माहीत आहे."

"मग त्याजवर रागावूं नको."

"रागावलो नाही, अप्पा."

हे खरं होतं. रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या डोक्यात दुसरंच शिरलं होतं. मामांना वाटलं तसे ते खरंच ओरखडे असले तर? मी ओल्या प्लेटेवर, पिवळ्या दिव्यात, मला हवं तेच पाहिलं असलं तर? शेवयांसारख्या रेघा एकाच दिशेनं, तळाकडे. आणि स्लाइडचं झाकणही एकाच दिशेनं ओढलं जातं. कॅमेरा आम्ही ज्या बाजूनं उभा केला होता, त्या बाजूनं झाकण ओढण्याची दिशा आणि नळीच्या तळाची दिशा एकच येत होती. हे मी पावसाळाभर कागदावर मांडून पाहिलं. दर वेळी उत्तर तेच यायचं: दोन्ही शक्य आहे. आणि प्लेटेवर ज्या जागी ते तपासायचं, ती जागाच उरली नव्हती.

तै लागली, संक्रांत झाली, ऊन परत आलं. जागा गेली होती, तरी मला जाणून घ्यायचं होतं. मामांनीच विषय काढला. "पुन्हां काढूं. ह्या खेपेस मी पेन्सिलीस हात लावीत नाहीं."

अप्पांनी हॉटेलातून सुट्टी घेतली. पुन्हा खिडकीला फळ्या, पुन्हा आरसा. अप्पा म्हणाले, "हें राट्टिनम् आतां माझ्याच हातचें झालें." राट्टिनम् म्हणजे जत्रेतला फिरता पाळणा. कोणी हसलं नाही. आम्ही ऊन असेतो प्लेटा घेतल्या, संध्याकाळी धुतल्या. मामांनी पहिली प्लेट उजेडाला धरली. थर होता. कड जरा वाकडी होती. तिच्याखाली काही नव्हतं. दुसरी पाहिली, तीही तशीच. सगळ्या तशाच.

मामा हळूच म्हणाले, "ह्यांत हात लावण्यासारखें कांहींच नाहीं."

त्यांच्या धंद्यात ही सगळ्यांत मोठी शाबासकी होती.

मी विचारलं, "स्लाइड त्याच आहेत ना?"

"लाकूड तेंच. मखमल नवी लावली. सगळ्यांस. तुझें काम पुन्हां बिघडूं नये म्हणून."

"जुनी मखमल?"

"चुलीत घातली."

जुनी मखमल असती तर एका दिवसात कळलं असतं. तीच स्लाइड, तीच मखमल, समोर नुसती काळी भिंत ठेवून एक प्लेट काढायची. रेघा आल्या असत्या तर त्या मखमलीच्या. नसत्या आल्या तर माझ्या. एवढं सोपं होतं. आणि तै महिन्यात पाणी थंड होतं, पुरट्टासीत कोमट. रेघा पडायला पाणी एका बाजूनं तापलेलं लागत असेल, अशीही एक शंका होती. ती तपासायला पुढचा पुरट्टासी लागणार होता. मार्चमध्ये माझं वर्ष संपलं आणि नंतर मला प्रयोगशाळेत शिरायचं कारण उरलं नाही.

पुढे मायवरमच्या एका शाळेत मास्तर झालो. त्या शाळेत पदवीधर मास्तर मोजके होते, आणि मला मान होता. तो मी नाकारत नाही.

मामा शेवटच्या आजारात होते तेव्हा मी भेटायला गेलो. डोळे गेले होते, म्हणून स्टुडिओ बंद. मी बोललो तशी त्यांनी माझा हात चाचपून धरला आणि म्हणाले, "त्या रेघा तुझ्याच होत्या रे. ओरखड्यावर चाकू टणक लागतो. त्या मऊ होत्या. मज हातास कळलें होतें."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तेव्हां कळलें नाहीं. आतां आठवतें."

 हा माणूस आयुष्यभर लोकांचे वण पुसत आला होता. मरताना भाच्याच्या मनावरचा एक पुसायला त्याला काय अडचण होती? ते खरं बोलत असतील. असतीलही. पण त्यांच्या शब्दावर मला काही उभं करता येत नव्हतं. मी "बरं मामा" म्हणालो. त्यांना वाटलं मला पटलं, आणि ते शांत झोपले. बाहेर मामी म्हणाली की कित्येक दिवसांत असे झोपले नव्हते.

शाळेत दर वर्षी तो धडा येतो. मी फळ्यावर नळी काढतो, बाणानं फिरण्याची दिशा दाखवतो, तळाशी गाळ काढतो. एखादं पोर विचारतं, "सार, फिरताना आत काय होतं?"

कण एकेक करून आपल्या वजनाप्रमाणे सरळ तळाला जातात, असं पुस्तकात लिहिलं आहे. मी तेच सांगतो.